प्रयोगाआधीचा अभ्यास : मातीच्या माठाचे एक उदाहरण

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की शाळाशाळांतून धावपळ सुरू होते. थर्माकोल, रंगीत कागद, तारा आणि बल्ब यांची खरेदी होते. काही ठिकाणी तर तयार प्रतिकृती विकत आणून त्यांवर विद्यार्थ्याचे नाव चिकटवले जाते. परीक्षकांनी एखादा साधा प्रश्न विचारला की पाठ केलेली चार वाक्ये संपतात आणि विद्यार्थी गप्प होतो. हा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नसतो. प्रयोगाला हात घालण्यापूर्वी जो अभ्यास व्हायला हवा, तो त्याच्याकडून कोणी करवून घेतलेला नसतो. या अभ्यासाला पूर्वाभ्यास म्हणता येईल.

पूर्वाभ्यास म्हणजे विषयासंबंधी मिळेल ते वाचून वहीत उतरवणे नव्हे. आपण जे पाहू इच्छितो त्याविषयी आजवर काय कळले आहे, ते कोणी व कोणत्या परिस्थितीत पाहिले, ते का घडते, ते मोजायचे कसे आणि आपल्या गावात, आपल्या साधनांनी काय दिसण्याची शक्यता आहे, या पाच प्रश्नांची उत्तरे शोधणे म्हणजे पूर्वाभ्यास होय. हे काम कसे चालते हे समजण्यासाठी प्रत्येक घरात दिसणारी एक वस्तू उदाहरणादाखल घेणे सोयीचे ठरेल. ती वस्तू म्हणजे मातीचा माठ.

प्रश्न नेमका करणे

नववीतील एखादी विद्यार्थिनी 'माठातील पाणी थंड का होते?' असा विषय निवडते असे समजू. हा प्रश्न चांगला आहे, पण प्रयोगाचा नाही. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात तयार आहे. प्रयोगाचा प्रश्न असा हवा, की ज्याचे उत्तर मोजून मिळेल आणि मोजण्यापूर्वी निश्चित ठाऊक नसेल. 'एकाच आकाराचे दोन माठ, एक वाऱ्यात व एक बंद खोलीत ठेवल्यास सहा तासांनी पाण्याच्या तापमानात किती फरक पडतो?' हा प्रयोगाचा प्रश्न झाला. 'दोन वर्षे वापरलेला माठ नव्या माठापेक्षा कमी थंड करतो काय?' हाही प्रयोगाचाच प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास वाचनाशिवाय होत नाही. पाणी माठाच्या बारीक छिद्रांतून पाझरते व बाहेरच्या पृष्ठभागावरून त्याची वाफ होते, हे वाचल्यावरच 'मग वाऱ्याचा परिणाम किती?' आणि 'छिद्रे बुजली तर?' हे प्रश्न सुचतात.

शब्दांची यादी

ग्रंथालयात जाण्यापूर्वी विद्यार्थिनीने शब्दांची एक यादी करावी. ज्याला योग्य शब्द ठाऊक नाही, त्याला योग्य पानही सापडत नाही. माठाच्या प्रयोगासाठी बाष्पीभवन, सुप्त उष्मा, सापेक्ष आर्द्रता, सच्छिद्रता आणि ओला-कोरडा तापमापक हे पाच शब्द पुरेसे आहेत. आपल्या समाजातील अनेक मुले घरी उर्दू अथवा दखनी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि पुढे इंग्रजीत परीक्षा देतात. अनेकदा ही अडचण मानली जाते. वास्तविक या कामी ती सोय ठरू शकते. बाष्पीभवनाला उर्दूत तबख़ीर, सुप्त उष्म्याला मख़फ़ी हरारत आणि सापेक्ष आर्द्रतेला निस्बती रतूबत म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत हेच शब्द इव्हॅपोरेशन, लेटंट हीट व रिलेटिव्ह ह्युमिडिटी या नावांनी येतात. तिन्ही भाषांतील शब्द शेजारी-शेजारी मांडले की तीन कपाटांची दारे एकदम उघडतात. शिवाय 'मख़फ़ी' म्हणजे लपलेली, हे घरच्या भाषेतून आधीच ठाऊक असलेल्या मुलाला 'सुप्त उष्मा' ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

वाचनाचा क्रम सोप्याकडून कठिणाकडे असावा. प्रथम आपले व वरच्या इयत्तांचे पाठ्यपुस्तक, नंतर मराठी विश्वकोशासारखा संदर्भग्रंथ आणि त्यानंतर विशेष लेख. या यादीत कुंभाराचे नाव विसरू नये. डिचोलीचा किंवा खानापूरचा कुंभार मातीत भुसा किंवा तूस का मिसळतो, हे त्याला विचारावे. भट्टीत ते जळून जाते आणि त्याच्या जागी पोकळी उरते. सच्छिद्रतेचा हा पाठ पुस्तकात ज्या शब्दांत आहे, त्याहून स्पष्ट शब्दांत तो कुंभाराकडे मिळतो.

जुने दाखले आणि दोन वेगळ्या रीती

अबुल फज़लच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशाही आबदारखान्याचे वर्णन आहे. त्यात पाणी गार करण्याची कृती दिली आहे. एक शेर पाणी जस्त-कथिलासारख्या धातूच्या किंवा चांदीच्या सुरईत भरून तोंड बंद करायचे. दुसऱ्या भांड्यात अडीच शेर सोरा व पाच शेर पाणी घालून त्यात ती सुरई सुमारे पाव तास फिरवायची, म्हणजे आतील पाणी गार होते. हा दाखला वाचून एखादा विद्यार्थी घाईने लिहील, की अकबराच्या काळी बाष्पीभवनाने पाणी थंड करीत असत. ते चूक ठरेल. येथे सुरईचे तोंड बंद आहे आणि भांडे धातूचे आहे. पाणी पाझरत नाही, तेव्हा वाफ होण्याचा प्रश्न येत नाही. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, म्हणून भोवतालचे पाणी गार होते. परिणाम एकच, पण कारणे दोन. पूर्वाभ्यासाचे एक मोठे काम हेच आहे, की सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढायच्या.

बाष्पीभवनाचा खरा दाखला हवा असेल तर १७५८ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी बेंजामिन फ्रँकलिन व जॉन हॅडली यांनी केंब्रिज येथे तापमापकाचा गोळा ईथरने वारंवार ओला केला व भात्याने वारा घालून ईथर उडवून दिले. खोलीचे तापमान सुमारे १८ अंश सेल्सिअस असताना तापमापक शून्याखाली सुमारे १४ अंशांपर्यंत उतरला. द्रवाची वाफ होताना उष्णता जाते कोठे, याचा उलगडा पुढे १७६० च्या दशकात जोसेफ ब्लॅक यांच्या सुप्त उष्म्याच्या संशोधनाने झाला. या दोन दाखल्यांतून विद्यार्थिनीला दोन उपयुक्त गोष्टी मिळतात. एक, वारा हा महत्त्वाचा घटक आहे. दोन, वाफ किती झाली हे मोजले तर उष्णता किती गेली हे काढता येते.

माहितीची पारख

वाचलेली प्रत्येक गोष्ट सारख्या तोलाची नसते. हदीसच्या अभ्यासकांना ही बाब नवी नाही. त्या शास्त्रात मजकुराला मतन आणि तो सांगणाऱ्यांच्या साखळीला इस्नाद म्हणतात. मजकूर कितीही आकर्षक असला तरी तो कोणी, कोणाकडून ऐकला, सांगणारा विश्वासू होता काय, त्याची स्मरणशक्ती कशी होती, मधला दुवा तुटलेला आहे काय, हे तपासल्याशिवाय विद्वान तो स्वीकारीत नसत. विज्ञानातील पारख प्रयोगावर उभी असते, तेव्हा दोन्ही शास्त्रे एकच आहेत असे म्हणणे योग्य नाही. परंतु 'हे तुला कोठून कळले?' हा प्रश्न दोन्हीकडे पहिला आहे. विद्यार्थ्याने वहीत प्रत्येक माहितीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : कोणी सांगितले, त्याने स्वतः मोजले काय, आणि कोठे मोजले.

यातील तिसरी गोष्ट किती मोलाची आहे हे एका उदाहरणावरून दिसेल. नायजेरियातील शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात एका मडक्यात दुसरे मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरण्याची रीत उत्तर नायजेरियाच्या खेड्यांत पसरवली. कुंभाराच्या घराण्यातून आलेल्या या शिक्षकाला २००० साली त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. एरवी तीन दिवसांत खराब होणारी वांगी या मडक्यात २७ दिवस टिकली, असे त्या वेळी सर्वत्र प्रसिद्ध झाले. आपल्याकडेही असे प्रयत्न झाले आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून शून्य-ऊर्जा शीतकक्ष तयार करण्यात आला. गुजरातमधील वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती यांनी २००१ च्या भूकंपानंतर मातीचा फ्रिज बनवण्याचे काम हाती घेतले व तो बाजारात आणला.

आता एखाद्या विद्यार्थ्याने वांग्यांचा तो आकडा वाचून जुलै महिन्यात पणजीत दोन मडक्यांचा प्रयोग केला तर काय होईल? तापमानात जेमतेम एखाद-दोन अंशांचा फरक पडेल व वांगी काही दिवसांत नरमतील. तो म्हणेल, पुस्तकातले खोटे निघाले. पण पुस्तक खोटे नव्हते. उत्तर नायजेरियाची हवा वर्षाचा मोठा काळ कोरडी असते आणि गोव्याचा पावसाळा बाष्पाने भरलेला असतो. आकडा खरा असतो तो त्याच्या परिस्थितीसह. परिस्थिती सोडून आकडा उचलणे म्हणजे इस्नाद सोडून मतन उचलण्यासारखेच होय.

बसरा येथे जन्मलेले व पुढे कैरोत काम केलेले इब्न अल-हैसम (मृत्यू सुमारे १०४०) यांचा आदर्श येथे उपयोगी पडतो. 'किताब-उल-मनाज़िर' लिहिण्यापूर्वी त्यांनी दृष्टीविषयीची पूर्वसूरींची मते बारकाईने अभ्यासली होती. टॉलेमीसारख्या मान्यवराच्या ग्रंथांतील शंका मांडणारे स्वतंत्र पुस्तकही त्यांनी लिहिले. न वाचता शंका घेणे सोपे आहे आणि वाचून शंका न घेणे त्याहून सोपे आहे. वाचून, समजून घेऊन नंतर शंका घेणे हे अभ्यासकाचे काम आहे.

हवेचा हिशेब

हवेत बाष्प आधीच भरपूर असेल तर माठावरील पाण्याची वाफ सावकाश होते. याचे मोजमाप ओल्या-कोरड्या तापमापकाने करता येते. दोन सारखे तापमापक घेऊन एकाच्या गोळ्यावर ओले सुती कापड गुंडाळावे व त्यावर वारा घालावा. ओला तापमापक ज्या अंशावर स्थिरावतो, त्याच्या खाली माठातील पाणी जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात ते त्याच्या थोडे वरच राहते, कारण हवेतील उष्णता माठात सतत शिरत असते.

ही मर्यादा गावागावांत किती बदलते ते पाहावे. मे महिन्याच्या दुपारी ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी हवेचे तापमान ४० अंश व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या तापमापकाचा अंश २२-२३ च्या आसपास येतो. म्हणजे माठाला १७ अंशांपर्यंत वाव आहे. किनाऱ्यावर हवेचे तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे २८ अंशांवर थांबतो. तेथे वाव केवळ ४ अंशांचा आहे. माठ तोच, कुंभार तोच, पाणीही तेच. फरक हवेचा आहे. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद, बेळगाव आणि पणजी येथील शाळांनी एकाच दिवशी एकाच पद्धतीने हा प्रयोग केला व आकडे एकमेकांना पाठवले, तर नातलगांच्या गावांचे हवामान मुलांना नकाशाहून चांगले समजेल.

मोजायचे काय आणि तुलना कशाशी

पूर्वाभ्यासाचा पुढचा टप्पा मोजमापाचा आहे. तापमान मोजण्यासाठी तापमापक हवा हे कोणीही सांगेल. वाचन केलेली विद्यार्थिनी तराजूही मागेल. पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता पाठ्यपुस्तकात बहुधा दर ग्रॅमला ५४० कॅलरी दिलेली असते. पण हा आकडा १०० अंशांवर उकळणाऱ्या पाण्याचा आहे. माठातले पाणी उकळत नाही. ३० अंशांच्या सुमारास हा आकडा ५८० कॅलरीच्या जवळ असतो. एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड होण्यासाठी एक कॅलरी काढून घ्यावी लागते. तेव्हा माठातील पाण्यापैकी केवळ एक टक्का पाण्याची वाफ झाली, तरी उरलेले पाणी जवळजवळ ६ अंशांनी थंड होऊ शकते, मात्र बाहेरून उष्णता आत आली नाही तर.

समजा, माठात ३ लिटर पाणी आहे व ते ३४ अंशांवरून २८ अंशांवर आले. ३००० ग्रॅम पाणी ६ अंशांनी उतरले, म्हणजे १८,००० कॅलरी बाहेर गेल्या. त्यासाठी सुमारे ३१ ग्रॅम पाण्याची वाफ पुरेशी आहे. माठाची माती थंड होण्यासाठी आणखी थोडे पाणी लागेल. तराजूवर जर १२० ग्रॅम घट दिसली, तर उरलेले पाणी कोठे गेले? ते हवेतून माठात शिरणाऱ्या उष्णतेला परतवण्यात खर्ची पडले. माठ एकदा थंड होऊन थांबत नाही. तो दिवसभर उष्णतेशी झुंजत असतो. हा विचार तराजूशिवाय सुचत नाही आणि तराजूची गरज वाचनाशिवाय कळत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. माठाच्या बुडातून ठिबकणारे पाणी म्हणजे वाफ नव्हे. माठाखाली ताटली ठेवून तिच्यातील पाणी वेगळे मोजावे. तुलनेसाठी दुसरे भांडे असलेच पाहिजे. तेवढेच पाणी भरलेले स्टीलचे भांडे चालेल, पण त्याहून चांगला म्हणजे त्याच आकाराचा, बाहेरून तैलरंग दिलेला माठ. दोहोंत फरक केवळ छिद्रे उघडी आहेत की बंद, एवढाच राहतो. माती थंड असते म्हणून पाणी थंड होते, ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत या एका तुलनेने तपासली जाते. माती दोन्ही माठांत सारखीच आहे.

अंदाज आधी, आकडे नंतर

एवढा अभ्यास झाल्यावर विद्यार्थिनीने प्रयोगाच्या आदल्या दिवशी आपला अंदाज कारणासह वहीत लिहून त्यावर तारीख घालावी. 'उद्या ओला तापमापक २७ अंश दाखवील, तर साध्या माठातील पाणी २८ ते २९ अंशांवर थांबेल. रंगवलेल्या माठातील पाणी खोलीच्या तापमानाजवळ राहील,' असा अंदाज पुरेसा आहे. तो चुकला तरी हरकत नाही. चूक कोठे झाली हे शोधण्यासाठी कारण लिहिलेले असते.

विज्ञान प्रदर्शनांत आकडे 'दुरुस्त' करण्याची सवय फार जुनी आहे. पुस्तकात १० अंश लिहिले आहेत आणि आपल्याला ३ आले, तर मुले ३ खोडून ९ लिहितात. कधी मोठी माणसेच तसे सुचवतात. ही अप्रामाणिकता बहुधा वाईट हेतूने होत नाही, भीतीने होते. आपला आकडा चुकीचा आहे असे मुलाला वाटते. ज्या विद्यार्थिनीने हवेचा हिशेब आधी केला आहे, तिला किनाऱ्यावरील ३ अंश ही आपली हार वाटत नाही. तो तिच्या गावचा योग्य आकडा आहे हे तिला ठाऊक असते व परीक्षकांसमोर ती तो ठामपणे मांडते. नुसत्या उपदेशाने जो प्रामाणिकपणा टिकत नाही, तो समजुतीने टिकतो.

एका आकड्याची जबाबदारी

असा आकडा केवळ प्रदर्शनाच्या तक्त्यावर राहत नाही. मधुमेहाच्या अनेक रुग्णांना रोज इन्सुलिन घ्यावी लागते. ज्या घरात फ्रिज नाही किंवा वीज तासन्‌तास नसते, तेथे इन्सुलिनची बाटली माठात अथवा ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवतात. वापरात असलेली इन्सुलिन सामान्यतः २५ ते ३० अंशांपेक्षा अधिक तापू देऊ नये अशी सूचना असते. २०१६ साली 'डायबेटिक मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मडक्यांसह निरनिराळी शीतसाधने तपासण्यात आली. अशी साधने उपयोगी पडतात, पण हवा दमट असेल तेवढी त्यांची शक्ती कमी होते, हेच त्यातून दिसले.

आता एखाद्या विद्यार्थ्याने तक्त्यावर 'माठ नेहमी १० अंशांनी थंड करतो' असे लिहिले आणि ते वाचून दमट गावातील एखाद्या कुटुंबाने ३४ अंशांच्या उकाड्यात इन्सुलिनवर निश्चिंत विश्वास ठेवला, तर त्या वाक्यातील 'नेहमी' हा शब्द रुग्णाला अपाय करू शकतो. त्याच ठिकाणी 'आमच्या गावी, अमुक आर्द्रतेला, इतके अंश' असे लिहिले असेल, तर तो तक्ता उपयोगाचा ठरतो. मडक्यात तापमापक ठेवून खात्री करावी, बाटली ओली होऊ देऊ नये आणि अंतिम सल्ला डॉक्टरांचाच घ्यावा, हेही अशा तक्त्यावर लिहिणे विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे.

शिक्षकांसाठी काही सूचना

पूर्वाभ्यासासाठी किमान दोन आठवडे द्यावेत व त्याला प्रयोगाइतकेच गुण ठेवावेत. विद्यार्थ्याची टिपणे स्वतःच्या शब्दांत आहेत काय हे पाहावे. पुस्तकातील ओळ जशीच्या तशी उतरवणाऱ्याला तिचा अर्थ तोंडी विचारावा. वाचनात दोन ठिकाणी परस्परविरोधी माहिती मिळाली, तर ती अडचण न मानता प्रयोगाचा विषय मानावा. साधने स्वस्त असावीत. दोन तापमापक, एक तराजू, तीन माठ आणि एक वही एवढ्यात हा सारा प्रयोग होतो. ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही, त्या शाळेलाही हे साधेल.

आपल्या समाजात मुलींनी व मुलांनी विज्ञानाकडे वळावे, यासाठी शिष्यवृत्त्या, वसतिगृहे आणि मार्गदर्शन शिबिरे चालतात. ती आवश्यकच आहेत. त्यांच्या जोडीला 'हे कोणी सांगितले, कसे मोजले, कोठे मोजले?' असे विचारण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे. ही सवय लागलेली मुले पुढे डॉक्टर होवोत, कारागीर होवोत वा दुकानदार, ऐकीव गोष्टीवर सहजासहजी विसंबणार नाहीत.